दहावीनंतरच्या दारात: हायस्कूलने काय करावे, काय टाळावे

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. पेढे वाटून होत नाहीत तोच पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापुढे कामांची रांग उभी राहते. अकरावीच्या पोर्टलवर नोंदणी, कॉलेजांचा पसंतीक्रम, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, एसटीचा पास. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाला. त्यामुळे जे काम पूर्वी मुंबई, पुणे, नागपूरच्या मुलांच्या वाट्याला यायचं, ते आता बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातल्या पोरालाही करावं लागतं. दहापर्यंत कॉलेजं निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, मुदत पाळायची. शाळेने दहा वर्षांत यातलं काहीच शिकवलेलं नसतं. मग ऑनलाइन सेंटरवाला जो क्रम भरेल तोच पोराचा कल ठरतो.

धामणगाव बढ्यासारख्या गावात ही चूक महाग पडते. शहरात एक कॉलेज हुकलं तर दुसरं दोन स्टॉप पुढे असतं. इथून मोताळा, मलकापूर, बुलढाणा, नाहीतर खामगाव, भुसावळ, अकोला. प्रत्येक पर्यायाला बसभाडं आणि राहण्याचा खर्च चिकटलेला. वाट चुकली की वर्ष जातं, आणि मुलीचं तर बहुतेक शिक्षणच जातं.

पुढची यादी हायस्कूलच्या शिक्षकांसाठी आहे. तिच्यात नवा विषय नाही, जादा तास नाही, निधीची मागणी नाही. शिक्षकांमागे माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणांची कामं आधीच पुरेशी आहेत. जे तास आणि जे गुण आज हातात आहेत, त्यांचाच खरा वापर व्हावा, एवढंच म्हणणं आहे.

कागदपत्रं

करा: नववीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येकाची फाइल उघडा. जनरल रजिस्टर, आधार आणि जन्माचा दाखला समोरासमोर ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते मुलालाच तपासू द्या. एका जागी वडिलांचं नाव रामदास, दुसरीकडे रामदासराव. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पोरगं शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती एका अर्जावर पुढे सरकते. दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते, आणि शिष्यवृत्ती तेवढ्या एका अक्षरावर अडून बसते.

करा: आजोबांचा पुरावा शोधणं हा इतिहासाचा प्रकल्प करा. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी लागतो जुना पुरावा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. तो सापडतो कुठे? आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, कोतवाल बुकाच्या नकलेत, जुन्या खरेदीखतात. नववीतल्या पोराने आजोबांना 'तुम्ही कोणत्या शाळेत होता, जी?' असं विचारून त्या शाळेतून नक्कल आणली, तर साधनं कशी शोधायची, कशी तपासायची हे त्याला कळतं. वर बारावीनंतरची धावपळही वाचते. शिवकालीन किल्ल्याचं थर्माकोलचं मॉडेल याच्या पासंगाला पुरत नाही.

करा: हिवाळ्यात शाळेतच दाखल्यांचं शिबिर लावा. जूनमध्ये तहसीलमध्ये आणि सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात असते. मात्र उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपत असते, तेव्हा तो कोणत्या वर्षाचा चालेल हे आधी विचारून घ्या.

टाळा: 'बारावीत बघू.'

गणित

करा: सातबारा वर्गात आणा. व्याज, टक्केवारी, क्षेत्रफळ हे सारं पुस्तकात आहे. पण घरच्या सातबाऱ्यावर ०.८१ लिहिलंय म्हणजे बापाची जमीन किती, हे दहावीच्या किती मुलांना सांगता येतं? ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, म्हणजे दोन एकर. एक एकर चाळीस गुंठ्यांचा, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. गाव नमुना सातमध्ये मालकी आणि बोजा, बारामध्ये पीक. पोटखराबा म्हणजे काय, इतर हक्कांत सोसायटीचं कर्ज कसं दिसतं, फेरफार क्रमांक कशासाठी असतो, हे दोन तासांत होतं. पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली आहे. घरोघरी ती पोरंच भरतात, पण काय भरतोय ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

करा: कापसाच्या पट्टीवर टक्केवारी शिकवा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात होते आणि १२ च्या वर माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. ओलावा ११ आला तर तीन टक्के कटले, म्हणजे २४३ रुपये ३० पैसे. वीस क्विंटलची गाडी असेल तर ४,८६६ रुपये. आता मुलांना विचारा: दोन दिवस अंगणात वाळवून नेला असता, तर वाचलेले पैसे जास्त की वजनातली घट जास्त? या प्रश्नाचं एकच उत्तर नाही, आणि वर्गात वाद झाला तर होऊ द्या. त्याच तासात काटापट्टी, हमाली, तोलाई आणि बारदान्याचं वजन येतं. ज्याच्या घरी कापूस नाही त्याच्यासाठी मका आहे, सोयाबीन आहे, किराणा दुकानाची उधारीची वही आहे.

करा: कर्जाचा हिशेब आठ-दहा वेळा करून घ्या. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, आणि मुदत टळली की ती सवलत जाते. गटाचं कर्ज, मोबाइलचा हप्ता, सावकाराचे शेकडा तीन रुपये महिना, यांची वार्षिक टक्केवारी काढायला लावा. शेकडा तीन म्हणजे सालाचे ३६ टक्के. फळ्यावर हा आकडा आला की वर्ग गप्प होतो, कारण दोन-तीन घरांत तो चालू असतो. म्हणूनच टाळा: कोणाच्या घरचं उदाहरण नाव घेऊन देणं.

हाताने काम

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एका मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून हा माणूस खेड्यात आला. हायस्कूलच्या पोरांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताने काम करायचं, ही त्यांची पद्धत. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, घर-आरोग्य, शेती-पशुपालन असे चार विभाग. शिकवायला गावातलेच कसबी लोक. पोरं वेल्डिंग करायची, माती तपासायची, रक्तगट पाहायची, गावाची खरी कामं करायची. यातूनच मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आकाराला आला आणि पुढे राज्यातल्या इतर शाळांतही गेला. हे सारं प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटाबाहेर घडलं, म्हणून टिकलं.

विदर्भाला तर हे त्याहून जुनं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. पुढे सूतकताईचा तास कुठेकुठे उरला, त्यामागचा विचार गळून पडला. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं २०२० मध्ये लिहून ठेवलं. धोरण वाट पाहील, पोरं पाहू शकत नाहीत.

करा: कार्यानुभवाचा तास गावातल्या कसबी माणसाला द्या. मोटार रिवाइंड करणारा, ट्रॅक्टर मेकॅनिक, ठिबक जोडणारा, गवंडी, शिवणकाम करणारी ताई. महिन्यातून एकदा दोन तास पुरेत. त्यांना शाल-श्रीफळ देण्यापेक्षा मानधन द्या, आणि वर्गात 'सर', 'मॅडम' म्हणूनच त्यांची ओळख करून द्या. शिक्षकांनी त्या वेळी मागच्या बाकावर बसावं आणि नंतर पुस्तकातला ओहमचा नियम त्या मोटारीशी जोडून दाखवावा.

करा: विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे २० गुण खरोखर प्रात्यक्षिकाला द्या. कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर, आणि जर्नल एकाचं पाहून चाळीस जणांनी उतरवलेलं. हे चित्र कोणाला नवं नाही.

करा: जलसुरक्षेची वही गावाच्या विहिरीवर भरा. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये त्याच पाच विहिरींची पाण्याची पातळी दोरीने मोजा आणि आलेख काढा. वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाची चर्चा घरोघर आहे. त्याचं पाणी जिथे आणायचं ठरलंय ती नळगंगा याच मोताळा तालुक्यातली, एवढं तरी पोरांना ठाऊक हवं.

एक जाता जाता. भेंडवळची घटमांडणी आपल्याच जिल्ह्यातली. तिचं अक्षय तृतीयेचं पाऊस-पिकाचं भाकीत पेपरमधून वहीत उतरवून घ्या, आणि सप्टेंबरअखेर आपल्या महसूल मंडळाच्या पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहा. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, हा नियमही त्यात येऊन जातो. भाषण काही करू नका. आकडे बोलतील तेवढं बोलू द्या.

वाट निवडणं

करा: ऑक्टोबरात पालकांना बोलवून चार वाटा खर्चासकट मांडा. अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक, कृषी पदविका. प्रत्येकीची मुदत, फी, बसभाडं, वसतिगृह आणि शेवटी मिळणारं काम. पालकांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी ठळक सांगा. एक, दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. म्हणजे आयटीआय हा शेवट नाही. दोन, पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे बारावीपर्यंत थांबायचं कारण नाही. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एकदा एसटी करून नववीला तिथला वर्कशॉप दाखवून आणा. भुसावळला रेल्वेचे कारखाने आणि दीपनगरचं वीज केंद्र आहे, वरणगावला आयुध निर्माणी. आयटीआय झालेल्या पोरासाठी शिकाऊ उमेदवारीच्या जागा अशाच ठिकाणी निघतात.

करा: भरतीच्या पोरांना वेळेवर खरं सांगा. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. पोलीस शिपाई व्हायला बारावी लागते. मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. 'फक्त पास झालो तरी चालते' म्हणणाऱ्या पोराला हे नववीत कळलं तर तो अभ्यास करेल. निकालानंतर कळलं तर नुसता हळहळेल. आणि लेखीचे गुण मैदानीच्या दुप्पट आहेत, हेही पळताना कानावर पडू द्या.

टाळा: हुशार म्हणजे सायन्स, मध्यम म्हणजे कॉमर्स, उरलेला आर्ट्स. स्टाफरूममधली ही वर्गवारी पोरांपर्यंत पोहोचते आणि जन्मभर चिकटते.

टाळा: क्लासवाल्यांना शाळेत व्याख्यानाला बोलावणं. अकोल्याला, लातूरला चांगले क्लास आहेत, त्यांची फीही चांगलीच आहे. नाव गावाकडच्या कॉलेजात, पोरगा क्लासच्या गावी खोली करून, हा प्रकार आता सर्रास झालाय. दोन वर्षांचा सगळा खर्च जोडला तर दोन एकरवाल्याचं कंबरडं मोडतं. जायचं त्याने जरूर जावं. पण शाळेने त्यांचा फ्लेक्स आपल्या भिंतीवर लावू नये.

टाळा: प्रेरणादायी व्याख्यानं. दोन तास टाळ्या, दुसऱ्या दिवशी काही नाही. त्याऐवजी तीन वर्षांपूर्वी शाळेतून गेलेली चार पोरं बोलवा: एक नर्सिंगची, एक आयटीआयचा, एक चाकणच्या कंपनीत कंत्राटी लागलेला, एक शिक्षण सोडून शेती करणारा. पगार किती, खोलीभाडं किती, हातात किती उरतात, हे पोरांना विचारू द्या.

करा: माजी विद्यार्थ्यांची नोंदवही. दहावीनंतर एक वर्षाने आणि तीन वर्षांनी कोण कुठे आहे, एवढंच. शाळेचा खरा निकाल त्या वहीत दिसतो. नव्वद टक्केवाल्यांच्या फोटोंचा फ्लेक्स पावसाळ्यात फाटून जातो.

परीक्षा

टाळा: कॉपी, आणि कॉपीकडे कानाडोळा. ३ मार्च २०२३ ला बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा परिसरातून मोबाइलवर फिरली. विषय त्याच दिवशी विधानसभेत गाजला, आणि पुढे अटक झालेल्यांत शिक्षकही होते. कॉपीवर पास झालेला पोरगा आयटीआयच्या पहिल्या महिन्यात मायक्रोमीटर वाचताना उघडा पडतो. भरतीच्या लेखीत तर चिठ्ठी पुरवायला कोणी नसतं.

टाळा: तोंडी परीक्षेचे २० पैकी २० वाटणं. भाषेच्या या गुणांत खरं शिक्षण करता येतं. प्रत्येकाला पाच मिनिटं द्या: बँकेत खातं उघडताना काय बोलशील, मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून देशील, ग्रामसेवकाला तक्रार कशी सांगशील. अर्जलेखन पुस्तकात आहेच. या वेळी तो अर्ज खराखुरा लिहा, ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घेऊन या. पोच घ्यायची असते, हेच कित्येकांना नोकरी लागेपर्यंत ठाऊक नसतं.

करा: नापास झालेल्याच्या घरी आठ दिवसांत जा. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास होते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावी मिळते. काही आयटीआय ट्रेड दहावी नापासांनाही खुले आहेत. शाळा सुटून वर्षं लोटली तरी बाहेरून परीक्षेला बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. या चार गोष्टी सांगायला शिक्षक जातीने गेले तर पोरगं वीटभट्टीवर किंवा सुरतच्या गाडीत बसण्याआधी थांबतं. टीसी हातावर ठेवून मोकळं होणं सोपं आहे.

बोलणं आणि इंग्रजी

टाळा: 'मले-तुले' म्हणणाऱ्याला हसणं. वऱ्हाडीत विचार करणारा पोरगा प्रमाण मराठी शिकतो, इंग्रजीही शिकतो. पण एकदा वर्ग हसला की तो पुन्हा तोंडच उघडत नाही.

करा: नववीपासून विज्ञान-गणितातल्या संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहा. वेग आणि व्हेलॉसिटी, त्वरण आणि ॲक्सलरेशन, छेदिका आणि सीकंट. अकरावी सायन्स इंग्रजीत असते. पहिल्या सहामाहीत मागे पडणाऱ्या पोराला पुष्कळदा विषय येत असतो, फक्त प्रश्न कळत नसतो.

मुली

करा: पैशाचं गणित आई-वडिलांपुढे मांडा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. 'पैसे कुठून आणायचे' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे संध्याकाळची शेवटची बस. तिच्यासाठी आगारप्रमुखांना मुख्याध्यापकांचं पत्र गेलं पाहिजे, मुलींच्या नावांची यादी जोडून.

करा: वारसा हक्काचा एक तास घ्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. पुढे कधीतरी हक्कसोड पत्रावर सही करायची वेळ येईल. करायची की नाही, हे ती ठरवेल. कागद वाचून ठरवेल, एवढं शाळेने करावं.

टाळा: 'स्थळ आलंय तर बघा' असं पालकसभेत म्हणणं. अठराच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, गावात त्याचे प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा.

मोबाइल

टाळा: नुसती बंदी. पोरांकडे फोन आहे. बापाचं यूपीआय तीच चालवतात.

करा: पैसे *घेण्यासाठी* पिन लागत नाही, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, नोकरीआधी पैसे मागणारी कंपनी खोटी, फसवणूक झाली तर तासाभराच्या आत सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन. या चार ओळी परिपाठात महिनाभर म्हणून घ्या.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही, आणि करूही नये. यंदा एकच करायचं असेल तर दाखल्यांचं शिबिर घ्या. ते डिसेंबरात व्हायचं तर मुख्याध्यापकांचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी मोताळ्याच्या तहसील कार्यालयात पोचलं पाहिजे, सोबत नववी-दहावीच्या मुलांची यादी आणि कोणाला कोणता दाखला हवा त्याचा तक्ता. पत्र द्या, आणि पोच घ्या.